कोपरच्या बाकावरची चाळीस मिनिटं

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझं वय ५३. डोंबिवली पूर्वेला राहते, नोकरी ठाण्याला. घरी नवरा (गेल्या वर्षी निवृत्त झाले), ८१ वर्षांच्या सासूबाई आणि घरूनच काम करणारा २६ वर्षांचा मुलगा. दोन बेडरूम आणि हॉल. गेले आठ महिने मी संध्याकाळी फास्ट सोडून स्लो लोकल पकडते, डोंबिवलीच्या आधी कोपरला उतरते आणि वरच्या, दिवा-वसई लाइनच्या फलाटावर बाकावर बसते. चाळीसेक मिनिटं. काही करत नाही, फोनही बघत नाही. मग पुढची गाडी धरून घरी. घरी सांगत होते की ऑफिस उशिरा सुटतं. आमच्याकडे सगळ्यांना एकमेकांचं लोकेशन दिसतं, लॉकडाउनमध्ये मुलानेच लावून दिलं होतं. मागच्या महिन्यात यांनी विचारलं, 'रोज कोपरला काय असतं?' मी खरं ते सांगितलं. विश्वास बसला नाही. 'कोणी आहे का?' असं विचारलं. मुलगा म्हणाला, 'आई, तू लोनली आहेस, कोणाशी तरी बोल.' सासूबाई म्हणाल्या, 'भरल्या घराचा कंटाळा यायला लागला म्हणजे कठीण आहे.' त्या स्वतः दुपारी दोन तास जपाला बसतात, तेवढा वेळ टीव्हीसुद्धा बंद. आता मी सरळ घरी येते आणि सगळ्यांवर चिडते. माझं चुकलं का? मी एकलकोंडी आहे का? लोकेशन बंद करू का?
एक वाचक, डोंबिवली"

ताई,

चुकलंय, पण तुम्ही म्हणताय ते नाही. कोपरला उतरलात त्यात काही चुकलं नाही. 'ऑफिस उशिरा सुटतं' म्हणालात तिथे चुकलं. आठ महिने कामाच्या दिवशी रोज एक म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास थापा झाल्या. इतक्या थापा एकदम उघड्या पडल्या की समोरच्याला बाकसुद्धा थापच वाटतो. तुमच्या यजमानांनी विचारलेला प्रश्न वाईटच, त्याच्याकडे येते मी. पण त्या प्रश्नाला जागा थापेने करून दिली.

थाप मारावी का लागली, ते मात्र बघू. कारण अशी थाप मारणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नव्हेत.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन खोल्या, माणसं सात. नळाला पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि आई उठायची सव्वाचारला. हंडा, कळशी, दोन बादल्या दाराशी मांडून ठेवायची आणि गॅलरीत भिंतीला पाठ लावून बसायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा संडासला जायला उठले, तर ती अशी बसलेली. समोरच्या चाळीत एकच दिवा लागलेला. आईचे दोन्ही हात मांडीवर, तळवे वर केलेले. तिचे हात रिकामे असलेले मी तोवर बघितले नव्हते. विचारलं, "काय करतेस?" म्हणाली, "पाण्याची वाट बघतेय. जा, झोप जा." पाणी यायला अजून बराच वेळ होता.

पुढे चाळीत पंप बसला, गच्चीवर टाकी आली, पाणी दिवसभर येऊ लागलं. आई तरी सव्वाचारला उठायचीच. वडील म्हणाले, "आता कशाला?" तर म्हणाली, "सवय लागलीय." तो अर्धा तास तिचा होता, पाण्याचा नव्हताच, हे कळायला माझं लग्न होऊन दोन मुलं व्हावी लागली.

आपल्याकडे रीतच अशी. बाईला एकटं बसायचं तर हातात काम तरी हवं, नाहीतर देव तरी हवा. तांदूळ निवडणं, वाती वळणं, देवळात खांबाला टेकून बसणं. माझी एक मावशी गच्चीवर पापडांची राखण करायची, दोन-दोन तास. गिरगावात तेव्हा कावळे पुष्कळ होते हे खरं, पण इतके नव्हते. आणि हे काहीच नसेल तर महिन्याचे ते चार दिवस. आजी एकदा म्हणाली होती, "विटाळ वाईट, पण तेवढे दिवस कोणी हाक मारत नसे." हे मी प्रथेचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईला बसू द्यायचं म्हणून तिला आधी अपवित्र ठरवायला लागत होतं, एवढंच सांगतेय.

तुमच्या बाकाला यातलं कुठलंच निमित्त नाही. नकाशावर तुमच्या फोटोचा गोल कोपरला येतो आणि चाळीस मिनिटं हलत नाही, इतकंच दिसतं. हाच गोल भाजी मार्केटमध्ये थांबला असता, गणपतीच्या देवळापाशी थांबला असता, तर कोणी तोंडातून शब्द काढला नसता.

वेळेचा हिशेबच मांडायचा तर सरकारने मांडलेला आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली. तुम्ही यावर नोकरी करता, लोकलचा प्रवास करता. त्यातून काढलेली चाळीस मिनिटं कोणाच्या ताटातून उचललेली नाहीत.

आता एक शब्द घेऊ. खासगी. आपण हल्ली तो 'लपवलेलं' या अर्थाने वापरायला लागलोय. "काही खासगी आहे का?" असं कोणी विचारलं की आपण दचकतो. हा शब्द पेशवाईत दफ्तरातला होता. राज्याचा पैसा वेगळा, घरचा खासगीचा वेगळा. पुण्यातलं खासगीवाले हे आडनाव त्यातूनच आलं. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नीला, गौतमाबाईंना, स्वतंत्र खासगी जहागीर नेमून दिली. दौलतीचं उत्पन्न मल्हाररावांकडे, खासगीचं गौतमाबाईंकडे. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली, आणि त्यांनी देशभर जी देवळं आणि घाट बांधले त्यांचा खर्च या खासगीतून केला. लक्षात घ्या, त्या खासगीत चोरून काही नव्हतं. ती आहे हे सगळ्या दरबाराला ठाऊक होतं, फक्त तिचं खातं वेगळं होतं. इतक्या मोठ्या सरदाराच्या घरात बायकोचं वेगळं खातं असू शकत होतं, तर डोंबिवलीतल्या घरात चाळीस मिनिटांचं असायला हरकत नसावी.

माझा सल्ला या शब्दातच आहे. तुमचा कोपरचा वेळ चोरीच्या खात्यातून काढा आणि खासगीच्या खात्यात टाका. तो आहे, हे घरात सगळ्यांना सांगा. त्यात काय केलंत, काय विचार केलात, ते कोणालाही सांगू नका.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं, पत्रात ते वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंत (एकदाचं मी काढलं). 'भरल्या घराचा कंटाळा' हा आरोप आपल्याकडे फक्त बायकांवर होतो. पुरुषाला घरात माणसं भरलेली असताना एकांत हवासा वाटला तर आपण हात जोडतो. तुकोबा देहू सोडून भंडाऱ्याच्या डोंगरावर, भामचंद्रावर जाऊन बसत. त्यांना कोणी एकलकोंडा म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि बसू दे, बसण्यासारखाच माणूस तो. पण लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट आठवते ना? आवली रोज भाकरी बांधून डोंगर चढायची आणि एके दिवशी तिच्या पायात काटा मोडला. कीर्तनकार तिला कजाग करून हशा पिकवायचे. घरी पोरं, घरात दाणा नाही, आणि नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर चढायचा. तिला कुठे बसावंसं वाटत असेल, हे मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलं नाही.

हे सासूबाईंना ऐकवायचं नाही बरं का. त्यांच्याबद्दल वेगळं सांगायचंय, शेवटी सांगते.

यजमानांचं. 'कोणी आहे का?' हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर विचारला, याचा तुम्हाला राग आला पाहिजे आणि तो त्यांना दिसलाही पाहिजे. चिडचिड करू नका, भाजीत मीठ जास्त टाकू नका. एकदा समोर बसवून सरळ सांगा: "तुम्ही तसं विचारलंत त्याचं मला वाईट वाटलं. मी खोटं बोलले ती माझी चूक, ती मी मान्य करते. तुमच्या प्रश्नाबद्दल तुम्ही मला काहीतरी बोलायला हवं." आणि मग गप्प बसा. तुम्ही गप्प बसलात की ते बोलतील. पुरुष माफी मागताना सहसा 'माफ कर' म्हणत नाहीत, 'चहा घेणार का' म्हणतात. तुमच्या घरातली भाषा तुम्हाला ठाऊक.

पण त्यांच्या बाजूनेही जरा बघा. माणूस वर्षभरापूर्वी निवृत्त झालाय. चाळीस वर्षं जायला एक जागा होती, ती गेली. पोरगा दार लावून कानाला हेडफोन लावतो. आई जपाला बसते. या माणसाच्या दिवसात घडणारी मोठी गोष्ट कोणती? संध्याकाळी तुम्ही येता, ती. म्हणून तो नकाशा उघडून बसतो. तो पाळत ठेवत असेल असं वाटणं साहजिक आहे, आणि थोडी असेलही, पण मला त्यात वाट बघणंच जास्त दिसतं. तुमच्या घरात एकाच्या वाट्याला नको इतकं एकटेपण आलंय आणि दुसरीला औषधाला एकांत नाही, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसून मालिका बघताहेत. तुम्ही त्यांना तुमचा सगळा वेळ देऊन हे सुटणार नाही. त्यांना जायला दुसरी जागा लागेल. डोंबिवलीत ग्रंथालयं आहेत, बागेतले कट्टे आहेत, सकाळी फिरणाऱ्यांच्या टोळ्या आहेत. ती जागा शोधून द्यायचं काम मात्र तुम्ही अंगावर घेऊ नका. ते त्यांचं काम आहे.

मुलाने 'लोनली' म्हटलं. गुणी असेल, आईची काळजी वाटली म्हणून म्हणाला. पण त्याने दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं. जगभर हल्ली एकटेपणाची चर्चा आहे, ब्रिटनने २०१८ मध्ये त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. ती चर्चा माणूस हवं असताना न मिळण्याची आहे. तुम्हाला माणसं मिळताहेत, घटकाभर नको आहेत. मराठीत एकटेपण आणि एकांत असे दोन शब्द आहेत, ते त्याला एकदा सांगून टाका.

तरीही एक खात्री तुम्हीच करून घ्या. त्या बाकावर बसून उठताना कसं वाटायचं? हलकं वाटून पाय घराकडे वळत असतील, तर विषय संपला. पण बसल्यावर रोज डोळे भरत असतील, झोप उडाली असेल, घरी जाऊच नये असं वाटत असेल, किंवा समोरून जाणाऱ्या गाडीकडे बघून नको ते विचार येत असतील, तर मुलगा म्हणतो ते ऐका आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या नंबरावर आहे. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही, पण पत्रात सगळं कोण लिहितं.

आता लोकेशन. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवलं तर ते जास्तीत जास्त आठ तास दिसतं, मग आपोआप बंद पडतं. गूगल मॅप्सवर 'मी बंद करेपर्यंत' असा पर्याय असतो. लॉकडाउनमध्ये लावलेलं अजून दिसतंय म्हणजे तुमचं बहुधा दुसऱ्या जातीचं. या दोन्ही सोयी आल्या २०१७ मध्ये. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. दावा लावला होता के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी, निकाल लागला तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते. त्या निकालात एक मुद्दा आहे, तो तुमच्या बाकासाठीच लिहिल्यासारखा वाटतो: माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नाही, माणसाला चिकटलेला असतो. अर्थात हा निकाल नवऱ्याच्या तोंडावर फेकायला जाऊ नका. तो सरकारच्या विरोधात आहे, आणि जेवणाच्या टेबलावर कायदा काढणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

मी काय करीन, सांगते. रागाच्या भरात रात्री अकराला लोकेशन बंद करणार नाही. आत्ताच्या वातावरणात त्याचा एकच अर्थ निघेल. रविवारी सगळे घरात असताना, चहाच्या वेळी, सांगेन: "सोमवारपासून मी आधीसारखी कोपरला उतरणार आहे. साडेसातपर्यंत घरी येईन. उशीर होणार असेल तर फोन करीन. लोकेशन मी बंद करतेय, आणि तुमचीही मला नकोत." हे शेवटचं वाक्य गाळू नका. मुलगा रात्री कुठे आहे हे तुम्हीही बघत असाल. एका बाजूने खिडकी बंद करून दुसऱ्या बाजूने डोकावता येणार नाही. मुलगा प्रवासाला गेला, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, तेव्हा तासाभरापुरतं पाठवावं, काम झालं की संपलं.

"घरातच बस की एकटी" असं कोणीतरी म्हणेलच. त्यालाही उत्तर तयार ठेवा. तुमच्या घरात आतून लागणारी दारं किती आणि त्यामागे कोण असतं, ते मोजा. एका दारामागे मुलगा, दुसऱ्यामागे सासूबाई किंवा कपड्यांची घडी घालणाऱ्या तुम्हीच. राहिलं बाथरूम, आणि तिथे पंधरा मिनिटं झाली की बाहेरून कोणीतरी टकटक करतं. त्यामुळे मुलाला सांगा, रविवारी चार ते सहा खोली सोडायची, लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये. तुम्ही आत जाऊन नुसत्या पडून राहा. पहिल्या दोन रविवारी तुम्ही आत जाऊन त्याचं कपाट आवरणार आहात, हे मला आत्ताच दिसतंय. तिसऱ्या रविवारी तरी आवरू नका.

पावसाळ्याचीही सोय बघून ठेवा. उघड्या फलाटावर पावसाची झड आली की छपराखालीही बाक ओला होतो. पिशवीत एक जाड प्लॅस्टिक असू दे.

आणि सासूबाई. त्या ८१ वर्षांच्या. म्हणजे त्यांचं लग्न होऊन साठेक वर्षं झाली असतील, आणि त्या साठ वर्षांत त्यांना कोणी खोली दिली नसणार. तुमच्यावर त्या बोलल्या याचा राग थोडा बाजूला ठेवा आणि या रविवारी दुपारी त्या जपाला बसल्या की स्वयंपाकघराच्या दारातून, त्यांना कळू न देता, जरा बघा. टीव्ही बंद असेल. माळ हातात असेल, डोळे मिटलेले असतील. मणी सरकतोय का, तेवढं बघा.